आंग्लिरूच्या आधी सांगायला हवे होते

२०२३ च्या व्हुएल्टा सायकल शर्यतीवरून आपल्या शाळेत अजून दोन तट आहेत. एक तट म्हणतो, सेप कुस जिंकला. दुसरा म्हणतो, कुसला जिंकवले. दुसऱ्या तटात मुले जास्त आणि आवाजही मोठा. त्यांचे म्हणणे असे की त्याच्याच संघातला जास्त ताकदीचा माणूस हात आखडून बसला, म्हणून स्पेनची लाल जर्सी कुसच्या पदरात पडली. माझे मत या दोन्ही तटांना पुरते पटेल असे नाही. कुसने ती जर्सी कमावली, असे मला वाटते. आणि त्या शर्यतीत कोणाचे चुकले असेल तर ते कुसला मागे टाकणाऱ्या दोन सहकाऱ्यांचे नव्हे, त्यांना वेळेवर काही न सांगणाऱ्या वरिष्ठांचे. पहिल्या मुद्द्यावर भांडायला मुले पुरेशी आहेत. दुसरा मुद्दा कोणी काढत नाही, आणि आपल्यासारख्या शाळेत तोच निघायला हवा.

ज्यांनी ही शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी, विशेषतः पालकांसाठी, थोडे आधीचे सांगतो. फ्रान्सची टूर, इटलीची जिरो आणि स्पेनची व्हुएल्टा या सायकलिंगच्या तीन सर्वांत मोठ्या शर्यती. प्रत्येक शर्यत तीन आठवड्यांची, २१ टप्प्यांची. रोज एक टप्पा आणि रोज त्या टप्प्याचा एक विजेता; पण खरी शर्यत बेरजेची. सगळ्या दिवसांचा मिळून ज्याचा वेळ सर्वांत कमी, तो जिंकला. बेरजेत जो पुढे असेल त्याने दुसऱ्या दिवशी ठरलेल्या रंगाची जर्सी घालायची: फ्रान्समध्ये पिवळी, इटलीत गुलाबी, स्पेनमध्ये लाल. एका संघात आठ जण. गंमत अशी की आठांपैकी जिंकतो एकच, पण एकट्याच्या जिवावर कोणालाच जिंकता येत नाही.

याचे कारण हवा. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरने जाताना स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. जो दुसऱ्याच्या चाकामागे अगदी चिकटून बसतो, त्याची त्यातली बरीच ताकद वाचते. म्हणून संघातले बाकीचे आळीपाळीने पुढे राहून वारा अंगावर घेतात आणि नायकाला आडोशाने नेतात. तेच मागे गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणतात. नायकाचे चाक गेले तर आपले काढून देतात. अशा स्वाराला फ्रेंचमध्ये डोमेस्टिक म्हणतात, म्हणजे घरगडी. मला आपला बारगीर हा शब्द जास्त जवळचा वाटतो. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. इथे सायकल संघाची, पाय तेवढे स्वतःचे.

सेप कुस हा असा बारगीर. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या डुरँगो गावचा. प्रिमोझ रोग्लिच या स्लोव्हेनियाच्या स्वाराने २०१९, २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ तीन वर्षे व्हुएल्टा जिंकली, तेव्हा डोंगरात त्याच्यापुढे कुस होता. डेन्मार्कच्या योनास व्हिंगेगोरने २०२२ ची टूर जिंकली, तेव्हाही होता. २०२३ मध्ये तर कमाल झाली. मे महिन्यात रोग्लिचने जिरो जिंकली, कुस सोबत. जुलैमध्ये व्हिंगेगोरने टूर जिंकली, कुस सोबत. आणि २६ ऑगस्टला बार्सिलोनात व्हुएल्टा सुरू झाली तेव्हा त्या वर्षातल्या तिसऱ्या तीन आठवड्यांसाठी हा गडी पुन्हा हजर. संघ युम्बो-व्हिस्मा. संघाचे नायक दोन, रोग्लिच आणि व्हिंगेगोर. कुस मदतीला.

सहाव्या टप्प्यात, ३१ ऑगस्टला, जावालांब्रेच्या वेधशाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मोठा गट मुख्य घोळक्यातून पुढे निसटला. त्यात कुस होता. हा डाव जुना आणि साधा आहे. आपला एक चांगला माणूस पुढे गेला की पाठलागाचे ओझे प्रतिस्पर्ध्यावर पडते. आदल्या वर्षीचा विजेता रेमको एव्हनपूल याच्या संघाला घोळका ओढावा लागणार, आणि रोग्लिच व व्हिंगेगोर त्यांच्या चाकामागे बसून येणार. पुढचा माणूस पकडला गेला तरी काही बिघडत नाही, कारण तोपर्यंत समोरच्याचे गडी दमलेले असतात. पण त्या दिवशी पुढचा माणूस पकडला गेलाच नाही. कुसने टप्पा जिंकला आणि मातब्बरांवर जवळपास तीन मिनिटे मिळवली. आठव्या टप्प्यानंतर लाल जर्सी त्याच्या अंगावर आली.

‘दान’ म्हणणाऱ्यांचा पहिला पुरावा हाच असतो. त्याला कोणी मोजत नव्हते म्हणून सोडले, असे ते म्हणतात. बरोबर आहे, सोडले. पण ज्याला मोजायला हवे त्याला न मोजणे ही सोडणाऱ्याची चूक. निसटणाऱ्याने तिची भरपाई का करावी? शिवाय पुढे दहाव्या टप्प्यात एकेकट्याने घड्याळाशी झुंजायची शर्यत होती, वाय्यादोलिद शहरात, २५.८ किलोमीटरची. तिथे ना आडोसा, ना सोबती. डोंगरातल्या हलक्या अंगाच्या माणसाची लाल जर्सी तिथे जाईल असा बहुतेकांचा होरा होता. गेली नाही.

मग आला तूरमाले. ८ सप्टेंबर, तेरावा टप्पा, पिरिनीज पर्वतातला प्रसिद्ध घाट. एव्हनपूल त्या दिवशी कोसळला, २७ मिनिटे मागे पडला. वर पोहोचले ते असे: व्हिंगेगोर पहिला, कुस दुसरा ३० सेकंदांनी, रोग्लिच तिसरा ३३ सेकंदांनी. एकाच संघाचे तिघे. बेरजेतही तेच तिघे: कुस पुढे, रोग्लिच १ मिनिट ३७ सेकंद मागे, व्हिंगेगोर १ मिनिट ४४ सेकंद मागे. बाकीचे लांब.

माझा लेख खरे तर इथून सुरू होतो. त्या संध्याकाळी युम्बो-व्हिस्माला बाहेरचा शत्रू उरला नव्हता. त्या वर्षीची जिरो त्यांची, टूर त्यांची. आता व्हुएल्टाही जवळपास त्यांची. एका वर्षात तिन्ही शर्यती एकाच संघाने जिंकणे हे त्याआधी कधीही झाले नव्हते. तिघांपैकी कोणीही जिंकला तरी संघ जिंकणार होता. आणि मला वाटते, नेमकी याच कारणाने वरच्यांना बोलायची गरज वाटली नाही. तुमच्यापैकी वरच्या वर्गातल्यांना युद्धाच्या तत्त्वांतले पहिले तत्त्व पाठ आहे: उद्दिष्ट ठरवणे आणि त्यावर ठाम राहणे. संघाचे उद्दिष्ट ठरलेले होते, ते सुरक्षितही होते. माणसांचे ठरलेले नव्हते. तिघांनाही संधी आहे, रस्ता काय ते ठरवील, असा एकूण सूर होता. ऐकायला हे मोठे उदार वाटते. पण ज्या माणसाने पाच वर्षे ‘तू पुढे हो’ म्हणण्यात घालवली आणि ज्या माणसांनी तेवढीच वर्षे ‘हो, जातो’ म्हणण्यात घालवली, त्यांना एका रात्रीत ‘आता तुम्ही सारखे’ म्हणणे म्हणजे सवयीच्या हातात निकाल देणे. भाऊबंदकीची सुरुवात अशाच मोकळेपणाने होते. वडील वाटणी करत नाहीत, मुले शहाणी आहेत म्हणतात.

११ सप्टेंबर विश्रांतीचा दिवस होता. बोलायला तोच दिवस योग्य होता. १२ तारखेला बेहेसच्या छोट्या, उभ्या चढावर व्हिंगेगोर सुटला आणि टप्पा जिंकला. त्याच सकाळी संघातला नेथन व्हान हूयडोंक हा सहकारी बेल्जियममध्ये गाडी चालवताना गंभीर अपघातात सापडला होता, आणि व्हिंगेगोरने तो विजय त्याच्या नावे केला. त्यामुळे त्या हल्ल्याला दगाबाजी वगैरे म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण बेरीज ही बेरीज. १ मिनिट ४४ सेकंदांची आघाडी संध्याकाळी २९ सेकंदांवर आली होती.

आणि दुसऱ्या दिवशी आंग्लिरू.

आस्तुरियास प्रांतातला हा चढ बारा किलोमीटरांहून थोडा जास्त आहे. सरासरी चढण दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की दहा मीटर वर. सरासरी फसवी असते, हे मी वर्गात सांगून थकलो. आंग्लिरू हे त्याचे उत्तम उदाहरण. खालचा भाग त्या मानाने सोपा, आणि वर कुएन्या लेस काब्रेस नावाचा एक तुकडा असा की तिथे चढण २३ टक्क्यांच्या पुढे जाते. व्यावसायिक स्वारसुद्धा तिथे डावीकडून उजवीकडे झोकांड्या खात चढतात. वेग ताशी दहा-बारा किलोमीटरवर येतो, आणि त्या वेगाला हवेचा अडसर जवळजवळ नसतोच. म्हणजे ज्या आडोशावर संघ ही कल्पना उभी आहे तो आडोसाच आंग्लिरूवर नाहीसा होतो. दुसऱ्याला नेण्याचे एकच साधन उरते: त्याच्या वेगाने जाणे. ताकद असूनही हळू जाणे.

रोग्लिच आणि व्हिंगेगोर हळू गेले नाहीत. शेवटच्या भागात ते पुढे गेले, लाल जर्सीतला कुस मागे राहिला. त्याला चाक मिळाले ते परक्या संघातल्या मिकेल लांडाचे. लांडाच्या लयीत लय मिळवत तो वर आला, आणि शेवटी लांडाला मागे टाकून तिसरा आला. त्या दिवशी १३ सप्टेंबर होता, कुसचा एकोणतिसावा वाढदिवस.

आता हिशेब पाहा, कारण यात मजा आहे. कुस १९ सेकंदांनी मागे पडला. टप्प्याच्या पहिल्या तिघांना बक्षीस म्हणून एकूण वेळेतून अनुक्रमे १०, ६ आणि ४ सेकंद वजा मिळतात. रोग्लिच पहिला, व्हिंगेगोर दुसरा, कुस तिसरा. म्हणजे व्हिंगेगोरने कुसवर मिळवले १९ अधिक २, एकूण २१ सेकंद. २९ मधून २१ गेले, उरले ८. तीन आठवड्यांच्या शर्यतीत आठ सेकंद! बुटाची नाडी सुटली तर यापेक्षा जास्त वेळ जातो. आणि लांडाला मागे टाकून ते ४ सेकंद कुसने मिळवले नसते तर उरले असते चारच.

त्या रात्री जगभर ओरड झाली. इतकी वर्षे राबलेल्या माणसाला त्याच्या वाढदिवशी घरच्यांनीच लुटले, असा सूर. मला त्या ओरडीत एक खोट दिसते. लोकांना बारगिराचे अश्रू आवडतात, त्याचा हिशेब आवडत नाही. १९३४ च्या टूरमध्ये रने व्हिएतो या वीस वर्षांच्या पोराने आपल्या नायकाला, आंतोनँ मान्यला, आपले चाक काढून दिले. रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर मदतीची वाट पाहत रडत बसलेल्या व्हिएतोचा फोटो अजून छापला जातो. दुसऱ्या दिवशी तर तो उतरलेला घाट पुन्हा चढून मागे गेला आणि मान्यला सायकल दिली. मान्य जिंकला. व्हिएतोने त्याग केला नसता तर तोच जिंकला असता, असे फ्रान्समध्ये कित्येक वर्षे सांगत राहिले. प्रत्यक्षात तो पाचवा आला, जवळपास तासभर मागे. त्याचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. पण त्यागाच्या गोष्टीला आपण किती चटकन भुलतो ते दिसते. मराठी माणसाला तर इथे लगेच घोडखिंड आठवते. मला ती तुलना नको. बाजीप्रभूंनी जीव दिला. इथे प्रश्न सेकंदांचा आणि पगाराचा आहे. सायकलच्या शर्यतीला बलिदान म्हणू लागलो तर बलिदानाला काय म्हणणार?

तेव्हा अश्रू बाजूला ठेवून प्रश्न असा विचारू: रोग्लिच आणि व्हिंगेगोर यांनी आंग्लिरूवर कोणता आदेश मोडला? कोणताच नाही. आदेशच नव्हता. शर्यतीला आलेल्या, जिंकण्याची सवय असलेल्या दोन माणसांना उभा चढ दिसला आणि ते गेले. रोग्लिचला चौथी व्हुएल्टा हवी होती. ती मागण्याचा त्याला हक्क होता. त्यांना दोष देणे सोपे आहे, कारण ते पडद्यावर दिसतात. मागच्या गाडीत बसलेला दिसत नाही.

आदेश स्पष्ट असला की काय होते, याचे उदाहरण २०१२ च्या टूरमध्ये आहे. स्काय संघाचा नायक ब्रॅडली विगिन्स, मदतीला क्रिस फ्रूम. ला तुस्वीरच्या चढावर फ्रूम जास्त ताकदवान दिसला, विगिन्सला सोडून पुढेही गेला, आणि रेडिओवरून शब्द येताच थांबला. त्याला ते आवडले नसणार. चेहऱ्यावर दिसत होते. पण ही टूर विगिन्सची हे सुरुवातीपासून ठरलेले होते, त्यामुळे झाली ती नाराजी, फूट नव्हे. विगिन्स जिंकला, फ्रूम ३ मिनिटे २१ सेकंदांनी दुसरा. पुढच्या वर्षी त्याच संघातून फ्रूमने टूर जिंकली.

उलट १९८६ पाहा. बर्नार इनोने १९८५ ची टूर जिंकली ती तरुण सहकारी ग्रेग लेमाँडला संघाने रोखून धरल्यावर. पुढच्या वर्षी मी तुला मदत करीन, असा शब्द इनोने दिला. पण मदत म्हणजे नेमके काय, कधीपासून, किती, हे कोणी ठरवून दिले नाही. पुढच्या वर्षी इनो पुन्हा पुन्हा हल्ले करत राहिला आणि वर म्हणत राहिला की हे लेमाँडच्या प्रतिस्पर्ध्यांना दमवण्यासाठीच चालले आहे. आल्प द्युएझच्या माथ्यावर दोघे हातात हात घालून पोहोचले, फोटो सुंदर आला, आणि त्या फोटोवर दोघांपैकी एकाचाही विश्वास नव्हता. लेमाँड जिंकला, ३ मिनिटे १० सेकंदांनी. पण संघ मधोमध चिरला गेला होता.

युम्बो-व्हिस्माचा आदेश आला तो आंग्लिरूनंतर. उरलेली शर्यत कुससाठी. हा निर्णय योग्य होता. उशिरा आलेला योग्य निर्णय. दुसऱ्याच दिवशी रोग्लिच आणि व्हिंगेगोर कुसच्या पुढे राहून डोंगर ओढताना दिसले, आणि शेवटी व्हिंगेगोरने थोडे अंतर पडू दिले. आठाचे सतरा झाले. १६ सप्टेंबरला ग्वादारामाच्या डोंगरातल्या शेवटच्या मोठ्या टप्प्यात तिघे एकमेकांना धरून रेषा ओलांडून आले. माद्रिदला अंतिम बेरीज: कुस; व्हिंगेगोर १७ सेकंद मागे; रोग्लिच १ मिनिट ८ सेकंद मागे. चौथा हुआन आयुसो तीन मिनिटांहून जास्त मागे.

आता ‘दान’वाल्यांचा दुसरा आणि खरा पुरावा. व्हिंगेगोरला थांबवले नसते तर तो जिंकला असता का? बहुधा हो. आठ सेकंद मिळवायला त्याला एक चढ पुरला असता. मी हे नाकारत नाही. पण सहकाऱ्याला थांबवून मिळालेला विजय म्हणजे दान असेल, तर रोग्लिच आणि व्हिंगेगोर यांचे आधीचे विजयही त्याच खात्यात टाका. त्या प्रत्येक शर्यतीत एक माणूस थांबवलेला होता. कित्येक चढांवर पुढे ओढून, काम संपले की बाजूला होऊन, मिनिटेच्या मिनिटे सोडून देत तो मागून एकटा वर यायचा. त्याचे नाव सेप कुस. तेव्हा कोणी दान म्हटले नाही. तेव्हा त्याला संघभावना म्हणत होते. तेरा दिवसांहून जास्त लाल जर्सी सांभाळणाऱ्यासाठी इतरांनी चार दिवस थांबले की शब्द बदलतो, हे मला मान्य नाही.

हे सगळे या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. इंटर-हाऊस क्रॉस कंट्री जवळ आली आहे म्हणून. गेल्या हिवाळ्यात काय झाले ते बहुतेकांना आठवत असेल. कोणते हाऊस ते लिहीत नाही. त्या हाऊसमधला एक मुलगा तीन वर्षे पेस लावायचे काम करत आला होता. पहिला अर्धा रस्ता तो पुढे राहून वेग धरायचा, हाऊसचे दोन चांगले धावपटू त्याच्या मागे. मग तो मागे राहून ज्युनिअर मुलांना ओढून आणायचा. गेल्या वेळी इतर हाऊसची मुले सुरुवातीलाच दमली, आणि शेवटचे वळण आले तरी हाच पुढे होता. मागे दुसऱ्या हाऊसचे कोणी नाही. फक्त त्याचेच दोघे. फाटक दिसू लागल्यावर त्या दोघांनी त्याला ओलांडले. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे एकाच हाऊसचे. गुण पुरे मिळाले. कोणत्याही क्रमाने आले असते तरी तेवढेच मिळाले असते. त्या रात्री मेसमध्ये त्या हाऊसच्या टेबलाचे दोन भाग झाले होते, आणि ते काही आठवडे तसेच राहिले. काहींनी त्या दोघांना स्वार्थी ठरवले. ती मुले स्वार्थी नाहीत. मी त्यांना शिकवतो. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते.

काही दिवसांनी प्रेपनंतर तो मुलगा माझ्याकडे आला. त्याचा प्रश्न एकच होता. “सर, मी त्यांना थांबा म्हणायला हवं होतं का?”

मी म्हटले, “नाही. ते म्हणणं तुझं काम नव्हतं.”

माझा सगळा मुद्दा या उत्तरात आहे. ज्याला देण्याची सवय आहे तो मागू शकत नाही. मागितले तर आजवरचे देणे खोटे ठरेल असे त्याला वाटते. न मागितले तर इतरांना वाटते, त्याला नकोच आहे. ही कोंडी तो स्वतः फोडू शकत नाही. ती वरच्यानेच फोडायची असते, आणि फाटक दिसण्याआधी. ‘मुले समजून घेतील’ हे वाक्य मी स्टाफ रूममध्ये फार ऐकतो. समजून कोण घेते ते पाहा. नेहमी तोच, ज्याने आधीच सर्वांत जास्त समजून घेतलेले असते.

म्हणून हाऊस मास्टर आणि हाऊस कॅप्टन यांना माझी विनंती आहे. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी संघाची यादी लावता, तिच्याखाली दोन ओळी लिहा. कोण कोणासाठी पळणार आणि कुठपर्यंत. त्यानंतर पेस लावणारा पुढेच राहिला तर काय करायचे. ‘त्यानंतर सगळे मोकळे’ असे लिहिले तरी चालेल. माझी त्याला हरकत नाही. मोकळे सोडणे हाही आदेशच आहे, पण तो मोठ्याने वाचलेला असला पाहिजे. नाराज होणारा आदल्या संध्याकाळी नाराज होईल, बोलेल, कदाचित भांडेल. ते भांडण मेसमधल्या दोन भागांपेक्षा बरे.

पालकांना एवढेच सांगतो, भेटीच्या दिवशी ‘कितवा आलास?’ याच्या जोडीला ‘कोणासाठी पळालास?’ हेही विचारून पाहा. काही मुलांकडे या प्रश्नाचे फार चांगले उत्तर असते आणि ते कोणी विचारत नाही.

त्या तिघांचे पुढे काय झाले, हे मुले हमखास विचारतात. २०२३ संपता संपता रोग्लिचने संघ सोडला. आंग्लिरूमुळेच सोडला असे मी म्हणणार नाही. व्यावसायिक खेळात कारणे अनेक असतात. २०२४ मध्ये नव्या संघातून त्याने चौथी व्हुएल्टा जिंकली. त्या शर्यतीला कुस आपल्या संघाचा नायक म्हणून उतरला होता, पण पहिल्या दहांतही आला नाही. २०२५ मध्ये व्हिंगेगोर व्हुएल्टासाठी परतला. या वेळी नायक कोण हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होते, आणि कुस पुन्हा मदतीला होता. शेवटून दुसऱ्या टप्प्यात, माद्रिदजवळच्या बोला देल मुंदोच्या उभ्या चढावर, व्हिंगेगोर पहिला आला आणि व्हुएल्टा त्याची झाली. त्याच्यामागे दुसरा आला तो कुस.